पीटर कूपर हेविट

पीटर कूपर हेविट (जन्म : ५ मे १८६१, न्यू यॉर्क, मृत्यू : २५ ऑगस्ट १९२१, पॅरिस) हे अमेरिकन विद्युत अभियंते व संशोधक होते. पाऱ्याच्या बाष्पातून विद्युतधारा नेऊन प्रकाश देणारा, व्यापारी वापरास योग्य असा दिवा त्यांनी सिद्ध केला आणि १९०१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. घरातील ट्यूबलाइट, पाणी निर्जंतुक करणारे दिवे आणि छापखान्यांत शाई व वार्निश क्षणार्धात घट्ट करणारे अतिनील दिवे हे सर्व याच घराण्यातील होत.

कुटुंब व शिक्षण

हेविट यांचे आजोबा पीटर कूपर हे नामांकित उद्योजक आणि न्यू यॉर्कमधील कूपर युनियन या शिक्षणसंस्थेचे संस्थापक होते. वडील एब्रम हेविट लोखंडाच्या व्यवसायात होते; १८८७-८८ या काळात ते न्यू यॉर्क शहराचे महापौर होते. सारा व एलिनॉर या पीटर यांच्या बहिणींनी १८९७ मध्ये कूपर युनियनमध्ये सजावट-कलेचे संग्रहालय सुरू केले. पीटर यांचे शिक्षण स्टीव्हन्स तंत्रशिक्षण संस्थेत व कोलंबिया विद्यापीठात झाले. घरच्या सुबत्तेमुळे त्यांना उपजीविकेची विवंचना नव्हती. त्यामुळे ते अनेक वर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करू शकले.

पारा-बाष्प दिवा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघरी येऊ लागलेल्या कार्बन तंतूच्या बल्बमध्ये विजेचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपाने वाया जात असे. तापलेल्या तंतूऐवजी वायूलाच प्रकाशमान केले, तर ही नासाडी टळेल, ही कल्पना नवी नव्हती. जर्मनीत लिओ आरॉन्स यांनी १८९२ मध्ये पाऱ्याचा दिवा बनवलाही होता. परंतु तो प्रयोगशाळेपुरताच राहिला. रोजच्या वापरात विश्वासाने चालेल असा दिवा घडवणे हे हेविट यांचे कार्य होय. त्यासाठी त्यांना चार अडचणींतून मार्ग काढावा लागला.

पहिली अडचण दिवा पेटवण्याची. थंड नळीतील विरळ बाष्पातून विद्युतधारा सहजी सुरू होत नाही. म्हणून नळी तिरपी करून आतील द्रवरूप पाऱ्याची धार दोन्ही विद्युत्-अग्रांपर्यंत नेली जाई. नळी पूर्ववत करताच धार तुटे व त्या ठिकाणी विद्युत्-चाप निर्माण होई. प्रारंभी हे काम हाताने करावे लागे. पुढे त्यासाठी आपोआप चालणाऱ्या योजना आल्या.

दुसरी अडचण धारेवरील नियंत्रणाची. चाप सुरू झाल्यावर धारा जसजशी वाढते, तसतसा बाष्पाचा विरोध कमी होतो. धारेला आवर घातला नाही, तर दिवा स्वतःच नष्ट होतो. यासाठी दिव्याच्या मंडलात रोध व वेटोळे बसवावे लागे. ट्यूबलाइटचा चोक हेच काम करतो.

तिसरी अडचण तापमानाची. नळी जितकी तापेल तितके बाष्प अधिक व त्याचा दाब अधिक. दाब योग्य मर्यादेत असेल तरच प्रकाश चांगला मिळतो. हेविट यांनी नळीच्या टोकाला फुगीर कप्पा ठेवला. जादा बाष्प तेथे थंड होऊन पुन्हा पारा बने व खाली परते. चौथी अडचण शुद्धतेची होती. नळीत अन्य वायूंचा थोडासा अंश राहिला, तरी दिव्याचे काम बिघडे. म्हणून ती काळजीपूर्वक निर्वात करावी लागे.

प्रकाशाचा दोष व त्याचा उपयोग

हेविट यांचा दिवा कार्बन तंतूच्या बल्बपेक्षा त्याच विजेत कित्येक पट अधिक प्रकाश देई. मात्र हा प्रकाश निळसर-हिरवा होता आणि त्यात तांबडा रंग जवळजवळ नव्हता. त्यात माणसांचे चेहरे प्रेतवत दिसत. रोडामिन या रंगद्रव्याचा लेप दिलेल्या परावर्तकाने तांबड्या प्रकाशाची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न हेविट यांनी केला. तरी दिवाणखान्यात हा दिवा रुजला नाही.

जेथे रंगाला महत्त्व नव्हते, तेथे मात्र त्याचे स्वागत झाले. कारखाने, आरेखनाच्या खोल्या व छायाचित्रकारांचे स्टुडिओ येथे तो वापरला गेला. त्या काळच्या छायाचित्रण-काचा व फिल्म निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील, तर तांबड्याला जवळजवळ असंवेदनशील होत्या. त्यामुळे न्यू यॉर्कमधील बायोग्राफ कंपनीसारख्या मूकपट-निर्मात्यांना सूर्यप्रकाशावर अवलंबून न राहता छतांखाली चित्रीकरण करता आले. १९०२ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या साहाय्याने कूपर हेविट इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली.

एकदिशकारक व इतर संशोधन

दिव्यावर काम करीत असताना पाऱ्याच्या चापातून विद्युतधारा एकाच दिशेने वाहते, हा गुणधर्म हेविट यांनी हेरला. त्यावरून १९०२ च्या सुमारास त्यांनी प्रत्यावर्ती धारेचे एकदिश धारेत रूपांतर करणारा पारा-चाप एकदिशकारक तयार केला. फिरती यंत्रे न वापरता हे रूपांतर शक्य झाल्याने विद्युत्-घट भारित करणे, ट्राम, रेल्वे व कारखाने यांसाठी तो अनेक दशके वापरात राहिला. पुढे अर्धसंवाहक साधनांनी त्याची जागा घेतली.

वेगात पाण्याच्या वर उचलली जाणारी नौका, हेलिकॉप्टर आणि एल्मर स्पेरी यांच्यासह पहिल्या महायुद्धाच्या काळात रचलेले वैमानिकाविना उडणारे स्वयंचलित विमान हेही त्यांच्या संशोधनाचे विषय होते. १९२१ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

पारा-बाष्पातून निघणाऱ्या अतिनील किरणांचा मोठा भाग हेविट यांच्या दिव्यात साध्या काचेनेच अडवला जाई. जर्मनीतील हेरेअस कंपनीत रिशर्ट क्यूख यांनी क्वार्ट्झची नळी वापरल्यावर हे किरण बाहेर येऊ शकले. आजच्या औद्योगिक अतिनील दिव्यांत अशीच क्वार्ट्झची नळी असते. तिच्यातील किरणांमुळे शाई, वार्निश किंवा चिकटद्रव्य यांतील रेणू परस्परांशी जोडले जाऊन थर घट्ट होतो.

या दिव्यांच्या देखभालीत हेविट यांच्यापुढील अडचणी आजही भेटतात. चोक वा वीजपुरवठ्यात बिघाड झाल्यास दिवा पेटत नाही. विझवलेला दिवा निवल्याखेरीज पुन्हा लागत नाही, कारण तापलेल्या नळीत बाष्पाचा दाब फार असतो. शीतन कमी पडल्यास नळी विरूपित होते. अधिक झाल्यास पारा पुन्हा द्रवरूप होऊन किरणांची तीव्रता घटते. नळीला उघड्या हाताने स्पर्श केल्यास घामातील क्षार तापल्यावर क्वार्ट्झमध्ये मुरून ती पांढरट होते. म्हणून दिवा बसवण्यापूर्वी ती अल्कोहोलने पुसतात. परावर्तकावर धूळ वा शाईची वाफ साचली, तर दिवा चांगला असूनही शाई ओली राहते.

वापराने जुना झालेला असा दिवा डोळ्यांना पूर्वीइतकाच तेजस्वी दिसू शकतो, कारण दृश्य प्रकाशाच्या मानाने अतिनील किरण लवकर घटतात. म्हणून छपाई कच्ची राहू लागल्यास दिव्याच्या झगमगाटावर विसंबता येत नाही. किरणमापकाचा आकडा पाहावा लागतो आणि दिवा किती तास जळला याची नोंद ठेवावी लागते.