बालगंधर्व आणि आपण बायका

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह होता. मागच्या अंकांतून सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या, आनंदीबाई जोशी झाल्या. मी मात्र ह्या वेळी एका पुरुषाचे चरित्र घेऊन आले आहे. त्याचे कारण आधी सांगते.

गेल्या वार्षिक सभेत सभासदत्वासाठी एक अर्ज आला होता, हे भगिनींना आठवत असेल. आपल्याच वस्तीत राहणारी एक व्यक्ती. जन्म मुलाचा, शाळेच्या दाखल्यावर नाव मुलाचे. पण कित्येक वर्षे ती बाई म्हणून राहते, साडी नेसते, भाजी घ्यायला आपल्याच रांगेत उभी असते. मंडळात यावे आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बसावे, एवढीच तिची इच्छा. सभेत दोन तट पडले. काही जणींचे म्हणणे असे, की ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले त्याने ह्यात वावगे मानण्याचे कारण नाही. इतर जणींचे म्हणणे, ते नाटक होते. बाईपण काही लुगड्याबरोबर नेसता येत नाही. नाव दोन्हीकडून एकच घेतले जात होते, आणि घेणाऱ्यांपैकी त्या माणसाची माहिती असलेल्या चार-दोनच. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. तोवर निदान त्यांचे चरित्र तरी नीट डोळ्यांखालून जावे, म्हणून हा खटाटोप.

वाशीच्या ज्या नाट्यगृहात आपण नाटके पाहतो त्याला विष्णुदास भाव्यांचे नाव आहे. भाव्यांनी सांगलीस १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले तेव्हा त्यातली सीता पुरुषच होता. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, त्यातही तेच. घरंदाज बाईने नाटकात उभे राहणे म्हणजे कुळाला बट्टा. आणि जी गाणारी-नाचणारी बाई उभी राहू शकली असती तिच्याबरोबर काम करणे म्हणजे नाटकमंडळीला बट्टा. मग बायकांची कामे करावीत कोणी? गोऱ्या, नाजूक, गळा असलेल्या मुलांनी. अशा नटाला स्त्रीपार्टी म्हणत. भाऊराव कोल्हटकर हे किर्लोस्कर मंडळींचे गाजलेले गायक नट. त्यांनीही आरंभी शकुंतला आणि सुभद्राच केल्या होत्या. ते १९०१ साली वारले आणि मंडळींचे जणू देव्हाऱ्यातले दैवतच हरपले.

नारायण श्रीपाद राजहंस ह्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घर मध्यम स्थितीतले, पण मुलाचा गळा विलक्षण. पुण्यास लहानपणी त्याचे गाणे लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हटले. तेच नाव जन्माचे झाले. मुलाला ऐकू कमी येई. राजर्षी शाहू महाराजांनी त्याच्या कानावरच्या उपचारांची मिरजेच्या मिशन इस्पितळात सोय करून दिली, आणि त्या मिरजेतच किर्लोस्कर मंडळींशी त्याची गाठ पडली. १९०५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते शकुंतला म्हणून उभे राहिले. गाण्याचे शिक्षण भास्करबुवा बखल्यांचे.

माझी आजी मिरजेची. तिने त्यांची 'स्वयंवर'मधली रुक्मिणी पाहिली होती, आणि म्हातारपणी नातवंडांची नावे विसरली तरी ती रुक्मिणी विसरली नव्हती. बायकांची बसण्याची जागा वेगळी असे. नाटकाहून परतल्यावर शेजारपाजारच्या बायका आरशापुढे उभ्या राहून तसा पदर घेऊन बघत, तसा अंबाडा घालून बघत. हे एकट्या माझ्या आजीचे वेड नव्हे; पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतून लुगडे कसे चापूनचोपून नेसावे, गजरा कोठे माळावा, हे बालगंधर्वांना पाहून ठरत असे. शालू खरे, अत्तरे खरी, दागिने डोळ्यांत भरणारे. खर्चाला हात आखडणे त्यांना ठाऊकच नव्हते. मला नेहमी ह्याचेच नवल वाटते. बाईने कसे चालावे, कसे लाजावे, ह्याचा धडा त्या पिढीने एका पुरुषाकडून घेतला आणि त्यात कोणालाही काही चमत्कारिक वाटले नाही. तो पुरुष तरी ते कोठून शिकला? घरातल्या बायकांकडे बघूनच शिकला असणार. म्हणजे आमच्या आज्यांनी आपलेच रूप त्याच्याकडून धुऊन, पुसून, अत्तर लावून परत घेतले, असे म्हणावे लागेल. त्यातली भाकरी थापण्याची आणि बाळंतपणाची कळा तेवढी गळून गेली.

खाडिलकरांचे 'मानापमान' मुंबईस मार्च १९११ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत गोविंदराव टेंब्यांचे, भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. खेळ रद्द करावा असे मंडळींच्या मनात आले. नारायणरावांनी तो होऊ दिला नाही. दुःख गिळून रंग लावला आणि भामिनी हसत हसत रंगमंचावर आली. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेची ही गोष्ट प्रत्येक चरित्रात असते आणि ती खरोखरच हेलावून टाकणारी आहे. पण त्या रात्री मुलीची आई, लक्ष्मीबाई, कोठे होती, तिच्याजवळ कोण बसले होते, हे माझ्या वाचनात कोठेही आले नाही. पुढे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये ते सिंधू झाले. दारुड्या नवऱ्याच्या हातून तिचे मूल मरते. फाटक्या लुगड्यातली, जात्यावर बसलेली ती सिंधू पाहून नाटकगृहे रडली. गडकरी स्वतः मात्र नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीच, जानेवारी १९१९ मध्ये, गेले होते. रंगमंचावरच्या आईसाठी सारा महाराष्ट्र रडला. घरातल्या आईची अनेक मुले गेली. तिच्याविषयी दोन ओळी लिहिण्यास कोणास सवड झाली नाही.

त्याच नाटकातली आणखी एक गोष्ट. सिंधूच्या पदांच्या चाली पुण्याच्या सुंदराबाईंनी दिलेल्या. बाईने दिलेली चाल चालत होती, त्या चालीवर गाणारी बाई मात्र रंगमंचावर चालत नव्हती.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि टेंबे ह्यांच्याबरोबर किर्लोस्कर मंडळी सोडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली 'स्वयंवर' आले. पुढे तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा उस्ताद बसू लागला. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त 'मानापमान' झाले, त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. तीनच महिन्यांत केशवराव गेले. भागीदार एकेक करून निघून गेले, कर्ज डोक्यावर राहिले. ते सारे नारायणरावांनी आपल्या अंगावर घेतले आणि वर्षानुवर्षे खेळ करून फेडले. हिशेबाचे डोके नाही, पण देणे बुडवायचे नाही, असा हा माणूस होता.

काळ मात्र थांबला नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषाने केली होती. त्यानंतरच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर उभ्या राहिल्या. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावतीबाई वर्तक आल्या, आणि स्त्रीपार्टीचे दिवस भरले. नारायणराव पंचेचाळिशीला आले होते, शरीर सुटले होते. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये ते एकनाथ झाले. पुरुषाच्या वेषात लोकांना ते ओळखीचे वाटेनात. पुढचे चित्रपट करण्याचा बेत सोडून ते पुन्हा लुगडे नेसून रंगभूमीवर आले.

आणि मग गोहरबाई कर्नाटकी आल्या. त्यांचे गाणे बालगंधर्वांच्या गाण्यावरच पोसलेले. ऐकणाऱ्याचा घोटाळा व्हावा इतके सारखे. गंधर्व मंडळीत त्या १९३८ च्या सुमारास आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. नारायणरावांनी गोहरबाईंशी १९५१ साली लग्न केले. बाई मुसलमान, गाण्याच्या घरातल्या. ज्या लोकांनी पुरुषाला रुक्मिणी म्हणून आरतीच्या ताटासारखे जपले, त्यांनाच ही खरी बाई सोसेना. तिने त्यांना लुबाडले, नादी लावले, असे बोल तिच्या वाट्याला आले. लक्ष्मीबाईंच्या दुःखाला मी कमी लेखत नाही. त्यांच्यावर अन्यायच झाला. पण १९५२ च्या सुमारास नारायणरावांचे पाय लुळे पडले, चाहत्यांची ये-जा विरळ झाली, तेव्हा माहीमच्या घरात त्यांचे सर्व काही करणारी ही गोहरबाईच होती. नेसवलेली बाई आम्हाला प्रिय आणि नेसलेली नकोशी, हे मला ह्या चरित्रात सर्वांत बोचते.

आता आपल्या अर्जाकडे वळते. आपली मराठी भाषा मोठी चौकस आहे. तोंड उघडून आले म्हणायचे की आलो, हे ठरविल्याशिवाय मराठी माणसाला स्वतःविषयी फार वेळ बोलता येत नाही. नारायणराव रंगपटात येत तेव्हा आलो म्हणत. पडदा वर गेला की रुक्मिणी आले म्हणे. पडदा पडून रंग पुसला की पुन्हा आलो. त्यात त्यांचा कधी गोंधळ झाला नाही, आणि पाहणाऱ्यांचाही झाला नाही. घरी ते नवरा होते, बाप होते, मंडळीचे मालक होते. त्यांनी स्वतःला बाई म्हटल्याचे मला ठाऊक नाही. म्हणून अर्जाच्या बाजूने त्यांचे नाव घेणाऱ्या भगिनींना मी म्हणेन, की हा दाखला येथे लागू नाही. अर्ज करणारीने सारा अर्ज राहते, इच्छिते असा लिहिला आहे. तिचा पडदा पडत नाही. ती त्याच साडीत घरी जाते, त्याच साडीत आजारी पडते. तिच्यासाठी टाळ्याही वाजत नाहीत. उलट तिच्यामागे टाळी वाजविली जाते, आणि ती कसली असते हे मी सांगावयास नको. सभेत तिला कोणी तो म्हटले, कोणी ती, एकीने ते म्हटले. चिटणीसबाईंनी इतिवृत्तात अर्जदार व्यक्ती असे लिहिले. व्यक्ती हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, म्हणून त्यांची सुटका झाली!

पण नाटक होते म्हणून चालले, असे म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. स्त्रीवेष म्हटला की सगळ्यांनाच मान मिळाला असे नाही. तमाशातला नाच्या आठवा. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी चित्रपटांतून नाच्या इतका हुबेहूब केला, की बायको-मुले असलेल्या त्या गृहस्थाच्या पुरुषपणाची जन्मभर टवाळी झाली. शालूतला पुरुष नटसम्राट, आणि नाच्याच्या वेषातला हसण्याचा विषय! तेव्हा आम्ही मान दिला तो कलेला की शालूला, हे स्वतःला विचारून पाहावे. बाईपण ही आमची सोवळ्यातली ठेव आहे, असेही म्हणवत नाही. आमच्या आज्या पदर घ्यायला नारायण राजहंसांकडून शिकल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा व्यक्तींची ओळख मान्य केली, २०१९ साली कायदाही झाला. हळदीकुंकवाला कोणाला बसवावे हे मात्र कायदा सांगत नाही. तेथे सवाष्ण की विधवा हा प्रश्न आपण एकेकाळी घातला होता आणि बऱ्याच वादानंतर आपल्या मंडळापुरता सोडून दिला. त्या वर्षी मी विधवा होते आणि दाराशी उभी होते. मला आत बोलावणाऱ्या बाई आज हयात नाहीत. माझे मत अर्ज मंजूर करावा असे आहे, आणि ते मी सभेतही देईन.

बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. पुढची तीन वर्षे त्यांनी परावलंबी अवस्थेत काढली आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास देह ठेवला. पुण्याच्या ज्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली होती, ते त्यांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या नावाने उघडले. चित्रकार गोपाळ देऊसकरांची दोन मोठी तैलचित्रे तेथे लावण्यात आली. एक नारायणरावांचे पुरुषवेषातले, एक स्त्रीवेषातले. काही वर्षांपूर्वी आपली सहल पुण्यास गेली होती तेव्हा आम्ही ती पाहिली. पागोटे घातलेल्या नारायणरावांपुढून सगळ्याजणी भराभर पुढे गेल्या. स्त्रीवेषातल्या चित्रापुढे मात्र पाऊण तास उभ्या होतो. लुगड्याचा काठ कोणता, ह्यावर एकमत होईना, आणि बसवाला खाली हॉर्न वाजवीत होता.