विश्लेषण : रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध शोधणारे विल्यम टिलेट कोण होते?

ऊसतोडणीत कोयत्याने बोट कापणे बीड जिल्ह्याला नवे नाही. जखमेवर रक्त गोठते, खपली धरते, काही दिवसांनी ती गळून नवी त्वचा दिसते. मधल्या काळात आतली गुठळी जाते कुठे? या प्रश्नाच्या उत्तरात अमेरिकी डॉक्टर विल्यम टिलेट यांचा मोठा वाटा आहे.

सुरुवात कशी झाली?
टिलेट यांचा जन्म १८९२ चा, नॉर्थ कॅरोलायनातला. १९१७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. १९३० मध्ये थॉमस फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन शोधले. आजची ‘सीआरपी’ तपासणी त्याचीच.

गुठळीचे रहस्य कसे उलगडले?
स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू मिसळले तर प्लाझ्मा गोठणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला, प्लाझ्मा गोठला. मात्र काही वेळाने पाहिले, तर जिवाणू असलेल्या नळ्यांतील गुठळ्या विरघळल्या होत्या. १९३३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. जिवाणूंच्या त्या स्रावाला पुढे ‘स्ट्रेप्टोकायनेज’ नाव मिळाले.

जखमेशी संबंध काय?
स्ट्रेप्टोकायनेज स्वतः गुठळी तोडत नाही. ते रक्तातील प्लास्मिनोजेनपासून ‘प्लास्मिन’ हे विकर तयार करवते. जखमेत शरीर स्वतःच प्लास्मिन बनवते. ते फायब्रिनचे जाळे कापते, तेव्हाच त्वचेच्या पेशी पुढे सरकतात. प्लास्मिनोजेन नसलेल्या उंदरांच्या जखमा फार उशिरा भरतात, हे १९९६ मध्ये दिसले. नव्या रक्तवाहिन्यांनाही वाट काढण्यासाठी अशी विकरे लागतात. गंमत म्हणजे, प्लास्मिनोजेनचाच एक तुकडा, ‘अँजिओस्टॅटिन’, ही वाढ रोखतो.

रुग्णांना फायदा काय झाला?
टिलेट यांनी छातीच्या पोकळीत साठून गोठलेले रक्त आणि पू विरघळवण्यासाठी हे औषध वापरले. १९४९ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९८६ मध्ये इटलीत ११,७१२ हृदयविकार रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले : २१ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. औषध जितके लवकर, तितका लाभ अधिक.

आपल्यासाठी महत्त्व काय?
अँजिओप्लास्टीची सोय वेळेत गाठता येत नाही, तिथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आजही जीव वाचवते. पण त्याने रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून नुकतीच शस्त्रक्रिया किंवा मोठी जखम झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. छातीत कळ आली, तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नये.