कॅमेरा घडवणारे बाबूराव पेंटर

मागे मी पुठ्ठ्याच्या खोक्याला भिंग लावून कॅमेरा केला. चित्र काही दिसेना. रागाने खोके फेकून दिले. तेव्हा गुरुजींनी मला बाबूराव पेंटर यांची गोष्ट सांगितली.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. कोल्हापूर आपल्या धुळे-जळगावपासून लांब, पण हा माणूस आपलासा वाटतो. त्यांचे आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आपणही सिनेमा काढायचा, असे दोघांच्या मनाने घेतले. पण कॅमेरा कुठला? तो स्वतःच घडवायचे ठरले. सोपे काम नव्हे बरं का! फिल्म भिंगामागे क्षणभर थांबली पाहिजे नि लगेच पुढे सरकली पाहिजे, तेही सेकंदाला सुमारे १६ वेळा.

काम अर्धवट असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. दामले नावाच्या शिष्याला हाताशी धरून १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला. त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० साली लागला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव वारले.

गोष्ट ऐकून मी खोके पुन्हा उचलून आणले. फटींना काळा कागद चिकटवला, भिंग पुढेमागे सरकवून पाहिले. आता तेलकट कागदावर शाळेसमोरचे निंबाचे झाड उलटे, पण स्वच्छ दिसते. मधल्या सुट्टीत या, दाखवतो!