धनंजयराव गाडगीळ आणि पाहणीचे अर्थशास्त्र

राज्यांच्या योजनांसाठी केंद्राने साहाय्य कोणत्या निकषांवर वाटावे, हे ठरविणारे १९६९ चे ‘गाडगीळ सूत्र’ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरते पाठ असते. परीक्षा संपली की सूत्र विसरले जाते आणि ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते त्या धनंजयराव गाडगीळांची तर ओळखही झालेली नसते. वास्तविक ते सूत्र म्हणजे चाळीस वर्षांच्या संशोधनाला आलेले एक फळ होते, आणि त्या संशोधनाची सुरुवात दिल्लीत नव्हे, पुण्याच्या बाजारात झाली होती.

धनंजयरावांचा जन्म १९०१ साली नाशिकला झाला. बालपण आणि शालेय शिक्षण नागपुरात गेले. पुढे ते केंब्रिजला गेले. तेथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस होते. जुने कारागिरी धंदे का मोडले आणि नवे कारखाने त्यांची जागा लवकर का घेऊ शकले नाहीत, हा त्या ग्रंथाचा विषय. पुढे कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासिला. मायदेशी आल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी आणि नंतर सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद, असा त्यांचा प्रवास झाला.

१९३० साली रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. काळे हे धनंजयरावांचे सासरे. संस्थेचे संचालकपद जावयाकडे गेले म्हणून कोणी नाक मुरडले असेल तर त्याला उत्तर संस्थेच्या पहिल्या प्रकाशनांनीच दिले. १९३३ मध्ये पुण्यातील फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची. १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची. फळे, मोटारबस, वाईचा शेतकरी! अर्थशास्त्र म्हणजे इंग्रज ग्रंथकारांच्या सिद्धांतांचे पठण, अशी समजूत असलेल्या काळात हे विषय काहींना पोरकट वाटले असल्यास नवल नाही. परंतु कुटुंब काय मिळवते, काय खर्चते, कोणाचे देणे लागते, हे त्या कुटुंबाच्या दारात जाऊन विचारल्याशिवाय देशाच्या दारिद्र्याविषयी बोलू नये, हा धनंजयरावांचा दंडक होता. पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांनी केली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. नागरी जीवनाचा इतका बारकाईने केलेला अभ्यास त्या वेळी देशात दुर्मीळच होता.

हीच दृष्टी अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसते. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे धनंजयराव एक सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांतून माहिती गोळा झाली, आणि १९५४ च्या अहवालाने सहकाराचा ताठा उतरविला. सहकारी कायदा १९०४ चा. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने शेतकरी काढीत असलेल्या शंभर रुपये कर्जातील जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे होते, सुमारे सत्तर सावकारांचे! सहकार फसला आहे, पण तो यशस्वी व्हायलाच हवा, हा त्या अहवालाचा निष्कर्ष. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया यांची सांगड घालून शासनाने सहकारात भागीदार व्हावे, असे समितीने सुचविले.

धनंजयराव केवळ सुचवून थांबणारे नव्हते. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी येथे शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढावयाचे ठरविले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद या प्राध्यापकाने पत्करले. पुढे सहकारी कारखाने राजकीय सत्तेची केंद्रे बनले. आकड्यांविषयी अत्यंत संशयी असलेला हा संशोधक सहकारातील माणसांविषयी मात्र काहीसा भाबडा होता, असे आज म्हणावे लागते.

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकांत अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली होती. तोपर्यंत योजनांचे केंद्रीय साहाय्य बव्हंशी एकेका योजनेनुसार मिळे, आणि ज्या मुख्यमंत्र्याचे दिल्लीत वजन त्याच्या पदरात अधिक, अशी तक्रार असे. विरोधी पक्षांच्या सरकारांनी मग काय करावे? धनंजयरावांनी उत्तर दिले ते मोजता येणाऱ्या निकषांचे. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा प्रथम भागवून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार. आणि दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी यांसाठी प्रत्येकी १० टक्के. मागासलेपणाला दहाच टक्के का, हा आक्षेप रास्त आहे. सर्व मुख्यमंत्र्यांना मान्य होईल अशी ती तडजोड होती, आणि तिची किंमत गरीब राज्यांनी मोजली. तथापि कोणाला किती मिळणार हे कागदावर आधी कळू लागले, आणि मर्जीला निदान या एका खात्यात लगाम बसला. पुढे सूत्रात १९८० आणि १९९१ मध्ये बदल झाले. २०१५ मध्ये नियोजन मंडळाची जागा नीती आयोगाने घेतली, पण असे साहाय्य वाटण्याचे काम त्याच्याकडे आले नाही.

१९७१ मध्ये धनंजयरावांनी दिल्लीतील जबाबदारी सोडली आणि ते पुण्याला परत निघाले. ३ मे रोजी त्या प्रवासातच, आगगाडीत, त्यांचे निधन झाले.