न पाहिलेल्या देशासाठी

हाती दिवा घेऊन मध्यरात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी परिचारिका, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु युद्धभूमीजवळची त्यांची ती सेवा दोन वर्षांहूनही कमी काळाची होती. त्यानंतर त्यांनी सुमारे चाळीस वर्षे आणखी एक कार्य केले. ते दिव्याने नव्हे, तर लेखणीने केले. आणि ज्या देशासाठी केले, तो हिंदुस्थान देश त्यांनी कधी डोळ्यांनीही पाहिला नाही. तेथील लोकांना पिण्यास शुद्ध पाणी मिळावे आणि त्यासाठी सरकारने पैसा राखून ठेवावा, म्हणून त्यांनी राज्यकर्त्यांचा अखंड पाठपुरावा केला.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव मुलीला ठेवण्यात आले. वडिलांनी तिला स्वतः अनेक भाषा शिकविल्या. पण तिचे मन विशेषेकरून गणितात रमे. मोठेपणी रुग्णसेवा करावी, हा तिचा निश्चय होता. त्या काळी परिचारिकेचा व्यवसाय हलका समजला जाई. त्यामुळे घरच्यांनी अनेक वर्षे विरोध केला. अखेर तिचा निश्चयच विजयी झाला. १८५१ मध्ये तिने जर्मनीत शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांचे हाल इंग्लंडात कळले. अडतीस परिचारिका बरोबर घेऊन फ्लॉरेन्सबाई तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे औषधे, अंथरुणे, अन्न यांची वाण होतीच. पण त्याहून भयंकर गोष्ट डोळ्यांआड होती. इमारतीखालची गटारे तुंबली होती. १८५५ च्या मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या आरोग्य मंडळाने तपास केला, तेव्हा रुग्णालयात येणाऱ्या पाण्याच्या मार्गात एक मेलेला घोडा कुजत पडलेला आढळला. मंडळाने गटारे उपसली, पाण्याचे मार्ग स्वच्छ केले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीने अधिक सैनिक मारले, हे सत्य फ्लॉरेन्सबाईंच्या मनावर कायमचे कोरले गेले.

१८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या. पुढच्याच वर्षी त्या गंभीर आजारी पडल्या आणि त्यानंतरचा बराचसा काळ त्यांना घरात, किंबहुना अंथरुणावरच, काढावा लागला. त्या वेळी इंग्लंडात स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत देण्याचा अधिकार नव्हता. मग तेथे सभासद म्हणून बसणे तर दूरच. अशा स्थितीत कायदे करणाऱ्यांचे मन वळवायचे कसे? फ्लॉरेन्सबाईंनी लहानपणी आवडलेले गणित आता उपयोगात आणले. किती माणसे मेली, कशाने मेली, आणि त्यांपैकी किती वाचविता आली असती, याची त्यांनी कोष्टके व रंगीत आकृत्या तयार केल्या. आकड्यांचे जंगल पाहून कंटाळणारा मंत्रीदेखील ती आकृती पाहून क्षणात काय ते समजे. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना आपली पहिली स्त्री सभासद म्हणून निवडले.

१८५९ मध्ये हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमण्यात आला. फ्लॉरेन्सबाई त्याच्या सभासद नव्हत्या. तरी त्याच्या कामाचा मोठा भार त्यांनीच उचलला. त्यांनी एक सविस्तर प्रश्नावली तयार केली आणि ती हिंदुस्थानातील लष्करी ठाण्यांकडे पाठविण्यात आली. पाणी कोठून आणता? विहिरीतून की तलावातून? त्याच तलावात कपडे धुतात काय? सांडपाणी कोठे जाते? उत्तरांचे ढीगच्या ढीग लंडनला येऊ लागले. ती वाचून त्या थक्क झाल्या. विहिरीतून मोटेने अथवा बादलीने काढलेले पाणी भिश्ती कातडी पखालींतून पोहोचवीत; पण ते शुद्ध आहे की नाही, याची शास्त्रीय तपासणी बहुतेक ठिकाणी कोणी केलेलीच नव्हती. कित्येक अधिकाऱ्यांनी पाण्याचा रंग, चव आणि वास एवढेच लिहून पाठविले होते. या फौजेतील दर हजार इंग्रज सैनिकांमागे वर्षाला सरासरी ६९ मरत होते, आणि त्यांतील फारच थोडे लढाईत.

आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे दोन हजार पृष्ठांचा होता. पण त्याची जी लहान आवृत्ती काढण्यात आली, तीतून फ्लॉरेन्सबाईंचे विवेचन वगळण्यात आले होते. त्या खचल्या नाहीत. त्यांनी आपले विवेचन स्वतंत्रपणे छापवून घेतले आणि ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांच्यापर्यंत पोहोचविले. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हाइसरॉय म्हणून निघालेले सर जॉन लॉरेन्स मुद्दाम त्यांना भेटावयास आले. पुढच्या वर्षी बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांत आरोग्य मंडळे स्थापन झाली. छावण्यांतील पाण्याची, गटारांची व बराकींची सुधारणा सुरू झाली. दहा वर्षांनी दर हजार सैनिकांमागील मृत्यूंची संख्या ६९ वरून १८ वर आली होती.

येथे थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु छावणीभोवती पसरलेल्या शहरांतील आणि खेड्यांतील कोट्यवधी लोकांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. पटकीची साथ छावणीची भिंत जुमानीत नाही, हे त्या जाणून होत्या. लंडनमधील आपल्या खोलीत बसून त्यांनी हिंदुस्थानातील शेती, पाटबंधारे, दुष्काळ आणि ग्रामव्यवस्था यांचा अभ्यास केला. मंत्री, गव्हर्नर व व्हाइसरॉय यांना त्या पत्रांमागून पत्रे लिहीत; एक अधिकारी बदलून दुसरा आला, की पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगत. स्वतःच्या मतातही त्यांनी बदल केला. रोग दूषित हवेमुळे होतात, असे त्या काळच्या अनेकांप्रमाणे त्या प्रथम मानीत. पुढे रोगजंतूंचा शोध लागला, तेव्हा उतारवयात त्यांनी तोही स्वीकारला.

मुंबई इलाख्यातील खेड्यांच्या आरोग्यासाठी १८८९ मध्ये कायदा झाला. त्या सुमारास फ्लॉरेन्सबाईंनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. १८७० मध्ये स्थापन झालेली ही सभा लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडीत असे. केवळ वरून कायदा करून भागणार नाही. गावातील जाणत्या माणसांनी तो आपलासा केला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. मुंबई इलाख्यात दीर्घकाळ नोकरी केलेले आणि हिंदी जनतेचे मित्र असलेले सर विल्यम वेडरबर्न त्यांना या कामी साहाय्य करीत.

पण खरी अडचण पैशाची होती. विहिरी बांधणे, त्यांना कठडे घालणे, तलाव साफ ठेवणे, याला खर्च कोठून आणावयाचा? खेडी गरीब होती; नवी पट्टी बसविली तर रयत नाराज होईल, असे सरकारी अधिकारी म्हणत. फ्लॉरेन्सबाईंचा युक्तिवाद साधा पण बिनतोड होता. रयत शेतसाऱ्याबरोबर स्थानिक कामांसाठी पट्टी भरतच होती. नवी पट्टी नको. याच पैशातून प्रथम गावाच्या पिण्याच्या पाण्याची व स्वच्छतेची किमान सोय करावी, आणि मग उरलेला पैसा रस्ते वगैरे मोठ्या कामांकडे वळवावा. ज्याचा पैसा, त्याच्या मुखी आधी शुद्ध पाण्याचा घोट पडावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मार्च १८९२ मध्ये त्यांनी काही जाणकार मंडळींच्या सह्यांसह या आशयाचे निवेदन भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांना सादर केले. तेव्हा त्या बाहत्तर वर्षांच्या होत आल्या होत्या. निवेदन हिंदुस्थानात पाठविण्यात आले, निरनिराळ्या प्रांतांची मते मागविण्यात आली; परंतु पाण्यासाठी आधी पैसा काढून ठेवण्याची त्यांची मुख्य मागणी मान्य झाली नाही. दुसरे कोणी असते, तर निराश होऊन लेखणी खाली ठेवते. फ्लॉरेन्सबाईंनी सरकारचे उत्तर बारकाईने वाचले आणि पुन्हा लिहावयास घेतले. १८९४ मध्ये बुडापेस्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेसाठी त्यांनी हिंदुस्थानातील खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध पाठविला. गावोगावी व्याख्याते जावेत, त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवून घाण पाण्यातील सूक्ष्म जीव लोकांच्या प्रत्यक्ष दृष्टीस आणावेत, अशी सूचना त्यांनी केली. सरकारकडून पैसा येईपर्यंत लोकांचे डोळे तरी उघडावेत, हा त्यांचा हेतू होता.

पुढे त्यांची दृष्टी गेली, लिहिणे थांबले. १९०७ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. थोर पुरुषांच्या समाधी असलेल्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन करण्याची तयारी दाखविण्यात आली. परंतु त्यांच्या इच्छेला अनुसरून त्यांना गावाकडील एका साध्या दफनभूमीत चिरविश्रांती देण्यात आली. तेथील शिळेवर त्यांचे पूर्ण नावही नाही. केवळ आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

फ्लॉरेन्सबाईंच्या सर्व मागण्या त्यांच्या हयातीत पुऱ्या झाल्या नाहीत. पण सत्ता नसताना, मताधिकार नसताना आणि शरीर साथ देत नसतानाही सत्य, हिशेब आणि चिकाटी यांच्या बळावर राज्यकर्त्यांना जाब विचारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. हातातील दिव्याने त्यांनी काही हजार सैनिकांना धीर दिला. लेखणीने त्यांनी दूर देशीच्या खेडुतांची तहान राज्यकर्त्यांच्या दारी नेऊन पोहोचविली.