रस्ता धरून चालणाऱ्या गाड्यांचा शिल्पकार

कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यातील बालाघाटाच्या चढ-उतारांवरून ज्यांनी कधी काळी सरकारी अँबेसिडरमधून प्रवास केला असेल, त्यांना त्या गाडीचा एक गुण नक्कीच आठवत असेल. खड्डा केवढाही असो, गाडी तो पोटात घेऊन पुढे जात असे. तिच्या पुढच्या चाकांना आजच्या गाड्यांसारखी गुंडाळीची स्प्रिंग नव्हती. तिथे एक लांब पोलादी दांडा होता आणि चाक वर उचलले गेले की त्या दांड्याला पीळ बसत असे. टॉर्शन बार नावाची ही रचना मॉरिस कंपनीच्या गाड्यांत ज्या तंत्रज्ञाने रुजवली, त्यानेच पुढे ‘मिनी’ ही जगातील सर्वांत गाजलेली छोटी मोटार घडविली. अ‍ॅलेक इसिगोनिस हे त्यांचे नाव. त्यांच्या कारकिर्दीची पायाभरणी मात्र एखाद्या हौशी तरुणाला शोभेल अशीच झाली. बुटक्या बांध्याची एक छोटी स्पोर्ट्स मोटार विकत घ्यायची आणि तिच्या स्प्रिंगांशी खटपट करीत बसायचे, हा त्यांचा पहिला उद्योग होता.

अलेक्झांडर अरनॉल्ड कॉन्स्टंटाइन इसिगोनिस यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मर्ना येथे झाला. तेव्हाच्या ऑटोमन साम्राज्यातील हे भरभराटीचे बंदर आज तुर्कस्तानातील इझमिर म्हणून ओळखले जाते. वडील ग्रीक वंशाचे, पण ब्रिटिश नागरिक होते. आईचे घराणे जर्मन. वडिलांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना असल्याने लोखंड आणि तेलाचा वास लहानपणापासून परिचयाचा होता. १९२२ च्या सप्टेंबरमध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या अखेरीस स्मर्ना शहर आगीत होरपळले. ब्रिटिश नौदलाने आपल्या नागरिकांना जहाजांवर घेऊन माल्टा बेटावर हलविले, त्यात हे कुटुंबही होते. घरदार, कारखाना, पैसा सारे मागे राहिले. वडिलांचे निधन माल्टातच झाले. त्यानंतर आईचा हात धरून हा मुलगा इंग्लंडला पोहोचला. पुढे आयुष्यभर त्यांनी लग्न केले नाही आणि १९७२ मध्ये आईचे निधन होईपर्यंत दोघे एकाच घरात राहिले.

लंडनमधील बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम घेतला. चित्रकलेत, आरेखनात त्यांचा हात विलक्षण होता. गणिताच्या परीक्षेत मात्र ते तीन वेळा नापास झाले आणि पदवीऐवजी पदविकेवर समाधान मानावे लागले. गणिताविषयीचा राग त्यांनी कधी लपविला नाही. त्यांच्या गाड्यांचा जन्म आकडेमोडीतून कमी आणि कागदावर हाताने काढलेल्या रेखाटनांतून अधिक झाला. ही त्यांची ताकद होती आणि दुबळेपणाही तोच होता.

१९३० च्या सुमारास त्यांच्या हाती ‘ऑस्टिन सेव्हन अल्स्टर’ आली. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ मध्ये बाजारात आलेली, ब्रिटनच्या मध्यमवर्गाला परवडणारी चिमुकली गाडी. इंजिन जेमतेम ७४७ सीसीचे. १९२९ च्या अल्स्टर येथील शर्यतीत तिने नाव कमावल्यावर तिची जी स्पोर्ट्स आवृत्ती निघाली, तिची ठेवण साध्या गाडीपेक्षा बुटकी होती. इसिगोनिस यांनी ती शर्यतींत उतरविली आणि तिच्या सस्पेन्शनमध्ये आपल्या कल्पनेप्रमाणे फेरफार केले.

गाडी खाली बसविल्याने नेमके काय साधते? वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. गुरुत्वमध्य जितका उंच, तितके हे सरकणे अधिक. गाडी बुटकी केली की ते कमी होते, चारही टायर रस्त्याला अधिक समानतेने धरून राहतात आणि वळण वेगाने घेता येते. ऑस्टिन सेव्हनला पुढे एक आडवा पाटा आणि मागे दोन अर्धवट पाटे होते. शरीर कलले की मागचा ॲक्सल किंचित तिरका होई आणि चालकाने स्टिअरिंग न फिरवताही गाडी मागून वळू पाही. पाट्याची कमान सपाट केली की गाडी खाली येते आणि हा खट्याळपणाही आटोक्यात येतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. खाली बसलेल्या गाडीच्या चाकाला वर उचलले जायला जागा कमी उरते. म्हणून स्प्रिंग अधिक ताठ हवी, आणि स्प्रिंग ताठ केली की खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारू लागते. हवेत असलेल्या चाकाची पकड शून्य असते. निव्वळ उंची कमी करणारा हौशी कारागीर नेमका इथेच फसतो.

इसिगोनिस फसले नाहीत, कारण त्यांचे लक्ष उंचीवर कमी आणि चाकावर अधिक होते. जॉर्ज डाऊसन या मित्राच्या साथीने त्यांनी नवी शर्यतीची गाडी घरीच बांधायला घेतली. नोकरी सांभाळून, रात्री आणि सुटीच्या दिवशी, बहुतेक काम हाताने. ‘लाइटवेट स्पेशल’ नावाची ही गाडी पूर्ण व्हायला १९३८ उजाडले. तिला वेगळी चासी नव्हती. प्लायवूडवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून केलेली पेटी हाच तिचा सांगाडा. पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबर वापरले होते आणि चारही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होत. दोघे मित्र आळीपाळीने ती डोंगरचढाईच्या स्पर्धांत चालवीत आणि मोठ्या कारखान्यांनी पाठविलेल्या गाड्यांना घाम फोडीत. वजन कमी ठेवले तर स्प्रिंग मऊ ठेवूनही गाडी रस्ता सोडत नाही, हा धडा या गाडीने त्यांना दिला.

दरम्यान कॉव्हेन्ट्रीच्या हंबर कंपनीत स्वतंत्र सस्पेन्शनवर काम करून ते १९३६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील मॉरिस मोटर्समध्ये दाखल झाले होते. युद्ध सुरू असतानाच तिथे एका छोट्या गाडीचे आरेखन त्यांच्याकडे आले. पुढे टॉर्शन बार, अचूक स्टिअरिंग, त्या काळच्या मानाने लहान म्हणजे १४ इंची चाके आणि इंजिन शक्य तितके पुढे. शर्यतीच्या गाडीतून शिकलेले सारे कसब त्यांनी शिक्षक, परिचारिका, टपालखात्याचे कर्मचारी यांच्या गाडीत ओतले. उत्पादनाची तयारी झाल्यावर त्यांना ती डोळ्याला अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुना मधोमध उभा कापायला लावला, दोन्ही भाग मागेपुढे सरकवून पाहिले आणि रुंदी ४ इंचांनी वाढविली. तयार झालेले बंपर वाया जाऊ नयेत म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत तेही मध्ये कापून तुकडा जोडण्यात आला. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी मुळीच आवडली नव्हती. तरीही १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मॉरिस मायनर’ लोकांसमोर आली आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली.

भारताशी त्यांचा संबंध इथूनच जुळतो. बिर्ला समूहाची हिंदुस्थान मोटर्स मॉरिसच्या गाड्या आपल्याकडे बनवीत होती. मॉरिस मायनर आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ झाली आणि मॉरिस ऑक्सफर्ड ‘हिंदुस्थान १४’. ऑक्सफर्डच्या पुढच्या आवृत्तीवरून लँडमास्टर आणि तिच्या पाठोपाठ १९५७-५८ मध्ये अँबेसिडर आली. अँबेसिडरची मूळ गाडी तयार झाली तेव्हा इसिगोनिस कंपनीत नव्हते, पण पुढच्या चाकांचे टॉर्शन बार त्यांच्याच परंपरेतले. २०१४ च्या मे महिन्यात पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील उत्पादन थांबेपर्यंत ही गाडी निघत होती. जिल्हाधिकाऱ्यांपासून आमदारांपर्यंत आणि वऱ्हाडापासून रुग्णापर्यंत मराठवाड्याने तिच्यात कोणाकोणाला बसविले, याची मोजदाद कोण करणार!

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन अस्तित्वात आली. नव्या घडीत आपल्याला वाव उरणार नाही असे वाटून इसिगोनिस अल्विस कंपनीत गेले. तेथील महागड्या गाडीचा प्रकल्प खर्चामुळे गुंडाळला गेला, पण त्या निमित्ताने रबराचे तज्ज्ञ अ‍ॅलेक्स मोल्टन यांच्याशी त्यांची मैत्री जमली. १९५५ च्या अखेरीस ते परतले. लगेच पुढच्या वर्षी सुएझ कालव्याचा पेच उद्भवला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि रस्त्यांवर जर्मन बनावटीच्या बुडबुड्यासारख्या गाड्या दिसू लागल्या. त्या पाहून संतापलेले अध्यक्ष लिओनार्ड लॉर्ड यांनी इसिगोनिस यांना खरीखुरी छोटी मोटार बनविण्यास सांगितले. अट एकच होती : इंजिन कंपनीच्या उत्पादनात असलेलेच हवे.

त्यांनी इंजिन आडवे बसविले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या टाकीत घातली आणि पुढची चाके फिरती केली. १० फुटांच्या गाडीत चार माणसे सुखाने बसू लागली. चाके अवघी १० इंचांची आणि थेट चार कोपऱ्यांत. एवढ्या लहान गाडीत स्प्रिंगांचा प्रश्न बिकट असतो, कारण एकटा चालक आणि सामानासह चार माणसे यांच्या वजनातला फरक गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने मोठा असतो. रिकाम्या गाडीला साजेशी स्प्रिंग भरल्या गाडीला मऊ पडते. मोल्टन यांच्या रबरी शंकूंनी ही अडचण सोडविली. हे रबर जितके दाबावे तितके अधिक ताठ होते आणि जागाही फार अडवीत नाही.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी जाहीर झाली. किंमत ५०० पौंडांच्या आत. पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी तळातून आत शिरे. मराठवाड्यातल्या नव्हे, इंग्लंडच्या पावसात. प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीने एक मिनी सुटी करून हिशेब मांडला, तेव्हा प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटाच होत असावा असा निष्कर्ष निघाला. आकड्यांचा तिटकारा असलेल्या रचनाकाराच्या गाडीबाबत हे घडावे, यात आश्चर्य नव्हते.

गंमत अशी की, तिच्यातील शर्यतीचा घोडा इसिगोनिस यांना दिसला नाही. तो दिसला जॉन कूपर यांना. कूपर यांच्या छोट्या कारखान्याने १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षे फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद पटकाविले होते. मिनीची रस्ता धरण्याची ताकद पाहून त्यांनी वेगवान आवृत्तीचा आग्रह धरला. ही सामान्य माणसाची गाडी आहे, असे म्हणत इसिगोनिस यांनी सुरुवातीला नाखुशीच दाखविली. अखेर कंपनीने प्रयोगादाखल होकार दिला आणि १९६१ मध्ये ९९७ सीसीची मिनी कूपर आली. तिला पुढे डिस्क ब्रेक होते, हे महत्त्वाचे. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क, १९६५ मध्ये टिमो मॅकिनेन आणि १९६७ मध्ये रौनो आल्टोनेन यांनी मिनीवर माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्ये पहिले तिन्ही क्रमांक मिनीलाच मिळाले होते, पण पुढच्या दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद ठरविण्यात आले. त्या निर्णयाने फ्रान्सची जितकी नाचक्की झाली, तितकीच मिनीची कीर्ती वाढली.

यानंतर जगभरच्या हौशी मंडळींनी मिनी आणखी खाली बसवायला सुरुवात केली. तिला गुंडाळीची स्प्रिंग नसल्याने रबरी शंकू आणि चाकाचा दांडा यांमधील कर्ण्याच्या आकाराचा धातूचा दुवा आखूड करावा लागतो. तिथे थोडासा कापला, तरी तरफेमुळे चाकाशी फरक अनेक पटींनी पडतो. म्हणून हे काम बेताने करायचे असते. शॉक-अब्सॉर्बरही आखूड लांबीचे लागतात, चाकांचे कोन पुन्हा जुळवून घ्यावे लागतात आणि टायर मडगार्डला घासत नाही ना, हे गाडी भरून पाहावे लागते. नव्या गाड्यांत गुंडाळीची स्प्रिंग आखूड केली तरी पथ्ये हीच. स्प्रिंगेचा वेढा कापून किंवा तापवून गाडी खाली आणण्याचा स्वस्त मार्ग तर धोक्याचाच, कारण अशी स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटू शकते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ ही आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांपासून दूर जाणारा बदल त्यात निषिद्ध आहे. शिवाय गावागावांच्या वेशीवरचे गतिरोधक कायद्याआधीच शिक्षा देतात.

इसिगोनिस यांना १९६७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९६९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. पण याच काळात त्यांच्या हातून सूत्रे निसटत होती. १९६८ मध्ये कंपनी लेलँडमध्ये विलीन झाली. नव्या व्यवस्थापनाला नफा हवा होता आणि इसिगोनिस यांचे तांत्रिक संचालकपद गेले. मिनीची जागा घेणारी, तिच्याहूनही आखूड आणि हलकी अशी गाडी त्यांनी तयार केली होती. ती नमुन्यापलीकडे गेली नाही. कूपर यांच्याशी असलेला करारही १९७१ मध्ये संपविण्यात आला आणि त्याच वर्षी इसिगोनिस निवृत्त झाले. निरोपाची भेट म्हणून त्यांनी मेकॅनोचा सर्वांत मोठा संच मागून घेतला. पुढची अनेक वर्षे ते बर्मिंगहॅममधील घरी बसून सल्लागार म्हणून काम करीत राहिले; गिअरबॉक्सशिवाय चालणाऱ्या मिनीचे प्रयोगही त्यांनी केले.

२ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर आडवे इंजिन आणि फिरती पुढची चाके ही मांडणी जगभरच्या छोट्या गाड्यांनी आपलीशी केली होती. १९८३ मध्ये भारतात आलेली मारुती ८०० ही त्यांपैकीच एक. मूळ मिनीचे उत्पादन २००० च्या ऑक्टोबरमध्ये थांबले, तेव्हा ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. मधली काही वर्षे रबराऐवजी द्रवपदार्थाचे सस्पेन्शन वापरून पाहण्यात आले होते, पण अखेरच्या गाडीच्या चाकांवर मोल्टन यांचे रबरी शंकूच होते.