कमल रणदिवे : औषधाआधी उंदराचे कुळ

अमरावती किंवा अकोल्यातल्या प्रयोगशाळेत भुईआवळीचा अर्क यकृताच्या कर्करोगावर तपासायचा म्हटला, तर आधी उंदीर लागतात. एका गटाला अर्क द्यायचा, दुसऱ्याला ज्यात अर्क कालवला ते नुसते द्रावण; मग दोन्ही गटांची यकृते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. ऐकायला सोपे वाटते. पण हे उंदीर कोणत्या कुळातले, हेच माहीत नसेल तर सारी मेहनत वाया जाते. कर्करोगाच्या अभ्यासासाठी उंदरांची कुळे सांभाळण्याचे हे किचकट शास्त्र आपल्याकडे रुजवणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे होत्या.

त्यांचा जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७चा. माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलगी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राकडे वळली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुलातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे. म्हणजे सुरुवात झाडापासूनच झाली होती. १९३९मध्ये त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला होता. कमलबाईंच्या अभ्यासात आकडेमोड बरीच असे, तिथे पतीची मोठी मदत झाली.

मुंबईला आल्यावर त्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. कर्करोगाच्या मानवी पेशी शरीराबाहेर सतत वाढवत ठेवण्यात १९५१ साली यश आले ते गे यांच्याच प्रयोगशाळेत. हे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून कमलबाई परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली.

त्यांचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा त्यात किती वाटा, हे त्या उंदरांत शोधत होत्या. त्यासाठी शुद्ध कुळ हवे. भाऊ-बहिणीचे मीलन सलग २० पिढ्या घडवले की सारे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे होतात. कमलबाईंच्या अभ्यासातले एक कुळ म्हणजे ‘सी३एच’. त्यातल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग पुष्कळ प्रमाणात होतो. त्याचा विषाणू आईच्या दुधातून पिलांत जातो. आणि याच कुळातल्या नरांना, वय वाढले की, काहीही न टोचता यकृतात गाठी येतात.

अर्काच्या चाचणीची खरी गोम इथे आहे. एका गटात या कुळातले नर आणि दुसऱ्यात भलतेच उंदीर आले, तर गाठी कमी झाल्याचे श्रेय फुकट भुईआवळीला मिळेल. खाणे कमी झाले तरी उंदरांत गाठी घटतात. कडू अर्क घातलेले खाद्य उंदीर टाळतो, हेही लक्षात ठेवावे लागते. आणि चाचणी चोख झाली तरी ती उंदरापुरतीच. माणसाला किती मात्रा सोसेल, हे त्यातून कळत नाही. उंदीर बरे झाल्याची बातमी वाचून, चालू उपचार सोडून पावडरीच्या पुड्या आणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

कमलबाईंनी कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरही काम केले. १९७३मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होत्या. हे अकोले पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे ‘अकोला’ झाल्याने वऱ्हाडातल्या अकोल्याशी गल्लत होते. वयाच्या सत्तरीत प्रयोगशाळा मागे ठेवून त्या गावोगावच्या बायकांना प्राथमिक आरोग्याच्या चार गोष्टी सांगत होत्या. २००१ साली त्यांचे निधन झाले.